अकाली जन्मलेल्या बाळाला कसे निजवावे: उताणे, कुशीवर की पालथे?

रातराणी

नवजात अतिदक्षता विभागात पालक आम्हा परिचारिकांना औषधांविषयी जितके विचारतात, त्याहून अधिक वेळा "बाळाला असे का निजवले आहे?" हे विचारतात. सकाळी उताणे असलेले बाळ दुपारी पालथे दिसते, त्याच्या चहूबाजूंनी दुपट्याच्या गुंडाळ्या लावलेल्या असतात, आणि शेजारच्या पेटीतल्या बाळाची मान मात्र पहिले दोन-तीन दिवस जराही वळू दिली जात नाही. कामाच्या धावपळीत याचे उत्तर दोन वाक्यांत दिले जाते आणि ते अपुरे राहते, म्हणून हा धागा काढत आहे. अमुक स्थिती चांगली आणि तमुक वाईट, असा सरसकट नियम नाही. बाळ किती आठवड्यांचे आहे (हे आठवडे गर्भारपणाच्या सुरुवातीपासून मोजतात), जन्माला किती तास झाले, श्वासाला यंत्राचा आधार आहे का, दूध पचते आहे का, यांवर स्थिती ठरते. म्हणून ती बदलत राहते, आणि एका टप्प्यावर उपचार म्हणून दिलेली स्थिती पुढच्या टप्प्यावर मुद्दाम सोडवावी लागते.

मुळात स्थितीची एवढी काळजी का करायची, हे आधी पाहू. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भाशयात जागा कमी पडत जाते, आणि बाळ गुडघे पोटाशी, हात छातीशी व हनुवटी खाली घेऊन राहते. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मल्यावरही तसेच मिटलेले असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला हा काळ मिळालेलाच नसतो. त्याच्या स्नायूंमध्ये ताण अगदी कमी असतो आणि गादीवर उताणे ठेवले की गुरुत्वाकर्षणामुळे त्याचे हातपाय सपाट पडतात. स्नायूंचा हा ताण खालून वर येत जातो. साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास पाय दुमडू लागतात, हात त्यानंतर, आणि चारही अवयव व्यवस्थित मिटलेले दिसायला ३६ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जावा लागतो. तोपर्यंत आधार दिला नाही, तर खांदे मागे ओढलेले, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना पडलेले, मांड्या बेडकासारख्या बाहेर फाकलेल्या आणि मान एकाच बाजूला किंवा मागे ताणलेली, अशी ठेवण होते. कित्येक आठवडे ती तशीच राहिली तर काही स्नायू आखडतात, हात तोंडाशी आणणे बाळाला अवघड जाते आणि पुढे रांगताना व चालताना त्याचा परिणाम दिसू शकतो. कवटी मऊ असल्यामुळे डोके दोन्ही बाजूंनी चपटे आणि लांबट होते, ते वेगळेच.

दुपट्याच्या गुंडाळ्यांना आम्ही 'घरटे' म्हणतो. ते नीट झाले आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे. दुपटे घट्ट गुंडाळून त्याची कड बाळाच्या एका खांद्यापासून खाली पायांकडून फिरवून दुसऱ्या खांद्यापर्यंत आणायची. कडेची उंची निजलेल्या बाळाच्या खांद्यापेक्षा थोडी अधिक हवी, आणि बाळ गुंडाळीच्या आत हवे, गुंडाळीवर चढलेले नको. सर्वांत महत्त्वाची बाजू पायांकडची. बाळाने पाय ताणला की तळव्याला काहीतरी लागले पाहिजे, आणि त्यावर रेटा देऊन पाय पुन्हा दुमडला गेला पाहिजे. पाय ताणून तसाच हवेत राहत असेल, बोटे फाकत असतील आणि पाठ कमानीसारखी होत असेल, तर ते घरटे केवळ शोभेचे आहे. पाळी बदलताना मी प्रथम पायांकडची बाजू पाहते, कारण वजन करताना किंवा लंगोट बदलताना सैल होते ती हीच बाजू.

दोन_पाखरे

ताई, फार उपयुक्त धागा आहे. आमची जुळी मुले ३० आठवड्यांची असताना जन्मली. अतिदक्षता विभागात ती बहुतेक वेळ पालथी असत, आणि पालथी असताना प्राणवायूचा आकडा चांगला राहतो, हे आम्ही पडद्यावर स्वतः पाहत होतो. मग घरी पाठवताना मिळालेल्या कागदावर मात्र 'फक्त उताणेच निजवावे, पालथे कधीही नको' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. जे तिथे औषध होते, ते घरी धोक्याचे कसे ठरले, हे आम्हाला कोणी नीट समजावले नाही. आम्ही सूचना पाळली, पण मनातला गोंधळ गेला नाही.

रातराणी

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अकाली जन्मलेल्या बाळाच्या बरगड्या फार लवचीक असतात. श्वास घेताना पोट फुगते तेव्हा छाती आत ओढली जाते आणि अर्धी मेहनत वाया जाते. पालथे निजवल्यावर छातीला गादीचा आधार मिळतो, छाती व पोट यांची हालचाल एकत्र होऊ लागते आणि फुप्फुसांचा मागचा भाग मोकळा होतो. बाळ कमी दचकते आणि शांत झोप लांबते.

धोका नेमका त्या शांत झोपेतच दडलेला आहे. पालथे निजलेले बाळ अधिक गाढ झोपते आणि श्वासात अडथळा आला तरी सहजासहजी जागे होत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने १९९२ साली तान्ह्या बाळांना पालथे न निजवण्याची शिफारस केली, १९९४ मध्ये तेथे उताणे निजवण्याची सार्वजनिक मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेतील आकस्मिक बालमृत्यूचे प्रमाण तेथे निम्म्याहून अधिक घटले. अकाली जन्मलेल्या बाळांना या मृत्यूचा धोका पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असतो. विभागात बाळाच्या छातीवर ठोके मोजणाऱ्या पट्ट्या असतात, पायाला प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो आणि श्वास काही सेकंद थांबला तरी घंटी वाजून कोणीतरी पेटीपाशी पोहोचते. घरी यातले काहीही नसते. त्यामुळे विभागातील फायदा घरी लागू होत नाही, आणि धोका मात्र पूर्ण शिल्लक राहतो.

आमच्याकडून एक गोष्ट नेहमी वेळेवर होत नाही, तीही सांगायला हवी. बाळाची प्रकृती स्थिर झाली की साधारण ३२ आठवड्यांच्या वयापासून, म्हणजे घरी जाण्याच्या बऱ्याच आधी, त्याला उताणे निजण्याची सवय लावायची असते. गुंडाळ्या काढायच्या असतात आणि गादी सपाट करायची असते. जे पालक जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बाळाला घरट्यात पालथे पाहतात, ते घरीही तसेच करू पाहणार, यात त्यांचा दोष नाही. कागदावरच्या सूचनेपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले जास्त पटते.

कंदील

मी नवजात शिशुविभागात डॉक्टर म्हणून काम करतो. मान न वळू देण्याचा उल्लेख धाग्यात आला आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पालकांना ही गोष्ट सर्वांत अनाकलनीय वाटते.

फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, पोकळ्यांच्या भिंतीलगत, अत्यंत नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते, जे पुढे आपोआप विरून जाते. रक्तदाबातील चढउतार या वाहिन्यांना सहन होत नाही. मेंदूतला रक्तस्राव होणारच असेल तर तो बहुतांश वेळा जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतो. मान एका बाजूला पूर्ण वळली की त्या बाजूची मानेतील मोठी शीर दबू शकते, डोक्यातून खाली येणारे रक्त तुंबते आणि आतला दाब वाढतो. म्हणून या काळात डोके शरीराच्या मध्यरेषेत ठेवतात, डोक्याकडची बाजू साधारण १५ ते ३० अंश उचलतात, कूस बदलायचीच असेल तर डोके, खांदे आणि कंबर एकाच वेळी, एका रेषेत वळवतात, आणि लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून कंबर वर उचलत नाहीत. बाळाला किंचित कलते करून लंगोट सरकवतात. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु पाय वर उचलले की काही क्षणांत पुष्कळ रक्त डोक्याकडे ढकलले जाते.

आता पुराव्याविषयी प्रामाणिकपणे बोलायला हवे. मध्यरेषेचा नियम शरीरशास्त्राच्या तर्कावर भक्कम उभा आहे, पण केवळ डोक्याच्या स्थितीमुळे रक्तस्राव कमी होतो, असे निर्विवादपणे सिद्ध करणारे मोठे प्रयोग उपलब्ध नाहीत. हा नियम आम्ही पाळतो, कारण त्याला खर्च नाही आणि त्याने होणारे नुकसान नगण्य आहे. पालथ्या स्थितीचेही तसेच आहे. यंत्रावर असलेल्या बाळांत तिने प्राणवायूचे प्रमाण थोडे सुधारते, हे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन पुनरावलोकनात दिसते. ही सुधारणा दीर्घकाळ टिकणाऱ्या फायद्यात बदलते, असे मात्र दाखवता आलेले नाही. स्वतः श्वास घेणाऱ्या बाळात पालथे निजवल्याने श्वास थांबण्याचे प्रकार कमी होतात, या समजुतीलाही भक्कम आधार मिळालेला नाही.

आणि एक भर: पालथ्या बाळाचे पोट दिसत नाही. पोट फुगणे किंवा त्वचेचा रंग बदलणे ही आतड्यांच्या गंभीर आजाराची पहिली खूण असू शकते. नाळेच्या धमनीत नळी असेल तर नाभीतून होणारा रक्तस्रावही अंगाखाली लपतो. म्हणून अनेक विभागांत अशी नळी असेपर्यंत बाळाला पालथे करत नाहीत.

रातराणी

कंदील सरांचे म्हणणे मान्य आहे, फक्त व्यवहारातली एक अडचण जोडते. 'मान वळवायची नाही' याचा अर्थ काही ठिकाणी 'बाळाला हातच लावायचा नाही' असा घेतला जातो. डोक्याची मागची बाजू तासन्‌तास एकाच जागी दाबली गेली की या बाळांच्या कागदासारख्या पातळ त्वचेवर लाली येते आणि कधी जखमही होते. मध्यरेषा न मोडताही डोक्याखाली जेलची मऊ उशी देता येते, आणि डोके तळहातावर हलकेच उचलून दाबाची जागा बदलता येते. कुशीवर ठेवले तर कान दुमडलेला नाही ना आणि पालथे ठेवले तर गुडघ्यांवर लाली नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. नाकातून हवेचा दाब देणारी नळी असेल तर स्थिती बदलल्यावर नाकपुड्यांमधला पडदा पाहायचा, कारण नळी किंचित तिरकी झाली तरी तिचा भार नेमका तिथे येतो.

स्थिती बदलायची वेळ साधारण तीन-चार तासांनी, इतर कामांच्या बरोबरीनेच येते. त्यासाठी झोपलेल्या बाळाला वेगळे उठवत नाहीत. श्वासनळीत नळी असलेल्या बाळाला पालथे करताना दोघी लागतात. एकजण डोके आणि नळी यांना एकच वस्तू समजून धरते, दुसरी हातपाय दुमडून धड वळवते. वळवल्यानंतर लगेच हात काढायचे नाहीत. आकडे पूर्वपदावर येईपर्यंत एक हात डोक्यावर आणि एक नितंबांवर ठेवून थांबायचे. घाईत सर्वांत आधी गाळली जाते ती हीच शेवटची पायरी.

सांधेजोड

मी बालकांची भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. घरट्याविषयी रातराणी यांनी अचूक लिहिले आहे, तरीही एका बाबीवर माझा थोडा आक्षेप आहे. घरटे इतके घट्ट असू नये की बाळ हलूच शकणार नाही. गर्भाशयातही बाळ लाथा मारत असते; भिंत असते, पण ती लवचीक असते. हालचाल करू देणारी आणि पुन्हा मिटून येऊ देणारी कड हवी. बाळाला जखडून ठेवल्याने स्नायू मजबूत होत नाहीत.

कुशीवरच्या स्थितीचा उल्लेख कमी झाला, तो मी करते. हात मध्यरेषेत येणे, दोन्ही हात एकमेकांना लागणे आणि मूठ तोंडाशी जाणे या गोष्टी कुशीवर सर्वांत सहज होतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण खांद्यांना मागे न ओढता पुढे येऊ देते. पाठीमागे गुंडाळी आणि छातीशी मिठी मारायला छोटी घडी दिली की बाळ स्वतःला शांत करायला शिकते. उताणे ठेवताना खांद्यांखाली पातळ घडी दिली जाते ती श्वासमार्ग सरळ राहावा म्हणून. ती जाड झाली तर मान मागे पडते आणि उद्देशाच्या विरुद्ध परिणाम होतो. पालथे ठेवताना छातीपासून ओटीपोटापर्यंत उभी अरुंद घडी द्यावी, म्हणजे खांदे आणि मांड्या तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे वळतात. ही घडी नसेल तर पालथे बाळही गादीवर सपाट पसरते.

आणखी एक इशारा गुंडाळण्याविषयी. पाय सरळ ताणून, घट्ट आवळून गुंडाळणे खुब्याच्या सांध्यासाठी घातक आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यात पाय सरळ करून बांधण्याविरुद्ध मोहीम झाली आणि तेथील बाळांमधले खुबा निखळण्याचे प्रमाण स्पष्टपणे खाली आले. वरचा भाग आवरलेला आणि कमरेखाली पाय दुमडून फाकवता येतील इतकी मोकळीक, हे योग्य गुंडाळणे.

शंकासूर

उद्धटपणा वाटल्यास क्षमा असावी. पूर्वी अशी घरटी, घड्या, अंश मोजणे काहीही नव्हते, आणि तरीही कमी दिवसांची मुले मोठी झालीच. कंदील सर स्वतःच पुरावा कमी आहे असे म्हणतात. मग हा परिचारिकांच्या कामात वाढवलेला आणखी एक उपचार तर नाही ना?

कंदील

उद्धटपणा नाही, हा प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारतो. मात्र पूर्वी २८ आठवड्यांची किती बाळे मोठी झाली, हेही विचारावे लागेल. आज विभागात जी बाळे आठवडेच्या आठवडे राहतात, त्यांतली बरीचशी त्या काळी जगतच नसत, त्यामुळे तुलनेला फारसा अर्थ राहत नाही. शिवाय सगळा पुरावा सारखाच दुबळा नाही. टाचेतून रक्त घेताना बाळाचे हातपाय दुमडून दोन्ही हातांनी आवरून धरले, तर वेदनेचे मोजमाप कमी येते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आधार दिल्याने काही आठवड्यांनी सांध्यांची ठेवण सुधारते, हेही दिसते. यामुळे पाचव्या वर्षी मूल अधिक हुशार होईल असे कोणी सांगत असेल, तर तिथे मात्र मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

दोन_पाखरे

पालक यात स्वतः काय करू शकतात? आम्ही पेटीबाहेर नुसते उभे राहत होतो. हात लावला तर बाळ दचकत असे, म्हणून नंतर तेही सोडून दिले.

रातराणी

बाळ दचकले ते बहुधा बोटाने हलके कुरवाळल्यामुळे. इतक्या लहान बाळांना हलका, सरकता स्पर्श सोसत नाही. स्थिर आणि भरीव स्पर्श सोसतो. हात आधी धुऊन ऊबदार करून घ्यावेत, मग एक तळहात डोक्यावर टोपीसारखा आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर ठेवून काहीही न हलवता थांबावे. बोटे फाकणे, हात समोर ताणून धरणे, भुवया आक्रसणे, वारंवार उचकी किंवा जांभई, रंग फिका पडणे, या 'पुरे' म्हणण्याच्या खुणा आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हायडेलिझ आल्स यांनी १९८० च्या दशकात बाळाच्या अशा खुणा वाचून काळजी आखण्याची पद्धत मांडली, आणि आज आम्ही जे करतो त्यातले बरेचसे तिथून आले आहे. मूठ मिटली, हात तोंडाशी गेला, श्वास एका लयीत आला, की बाळाला ते मानवले असे समजावे. हात काढतानाही एकदम न काढता आधी एक, मग थोड्या वेळाने दुसरा काढावा.

आणि आईवडिलांची छाती ही सर्व स्थितींमध्ये वरचढ आहे. कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी सुरू केली. बाळ उभे, छातीला छाती लागलेली, डोके एका बाजूला वळलेले आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळे राहते. मांड्या दुमडून फाकलेल्या, हात दुमडलेले, आणि भोवती बांधलेल्या कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खालपर्यंत. आई टेकून बसलेली असावी, अगदी आडवी नव्हे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेल्या प्रयोगात प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के आले. तो प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास कांगारू पद्धतीची शिफारस केली. कंदील सरांना हवा तसा पुरावा इथे आहे.

दोन_पाखरे

धन्यवाद ताई. शेवटचे दोन प्रश्न. धाकट्याला दूध वर येते, तर त्याची गादी डोक्याकडून उचलावी का? आणि थोरलीचे डोके उजवीकडून चपटे झाले आहे, ते उताणे निजवल्यामुळेच ना?

सांधेजोड

गादी उचलू नये. उतारावर बाळ घसरते, मान पुढे झुकते आणि श्वासमार्ग दबतो. विभागात दूध वर येणाऱ्या बाळाला डाव्या कुशीवर ठेवतात, कारण उजव्या कुशीवर जठर लवकर रिकामे होते, पण दूध वर येण्याचे प्रमाण वाढते. हे मात्र यंत्रांच्या देखरेखीखालीच. घरी सपाट, टणक गादीवर उताणे निजवावे. उताण्या बाळाची श्वासनळी अन्ननळीच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनळीत जायला त्याला चढावे लागते. दूध पाजून काही वेळ उभे धरणे पुरेसे होते. धाकट्याचे वजन वाढत नसेल, दूध हिरवे किंवा रक्तमिश्रित येत असेल किंवा पाजताना तो निळा पडत असेल, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

थोरलीच्या बाबतीत उताणे निजणे हे एक कारण असेल, पण उजवीकडेच का, हे पाहायला हवे. ती डावीकडे मान पूर्ण वळवते का? खेळणे किंवा तुमचा चेहरा डावीकडून हळूहळू न्या आणि हनुवटी खांद्यापर्यंत येते का, ते बघा. येत असेल तर निजवताना डोके आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळवा, तिला जे पाहायला आवडते ते डावीकडे येईल अशी पाळण्याची दिशा बदला, आणि ती जागी असताना, तुम्ही समोर असताना, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ तिला पालथे घालून खेळवा. हनुवटी खांद्यापर्यंत येत नसेल तर मानेचा स्नायू आखडलेला असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास घरी जोर लावून मान वळवू नका, भौतिकोपचारतज्ज्ञांना दाखवा. हे जितक्या लहान वयात सुरू होते, तितके लवकर सुटते.

दोन_पाखरे

आत्ताच पाहिले. डावीकडे अर्ध्यावरच थांबते आणि मग खांदा उचलते. उद्या दाखवायला नेते.